फणीची खालची बाजू

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. त्यांच्यावरून आम्हा दोघा भावांत जे वाद झाले ते ऐकून कुणालाही वाटेल की या माणसांना दुसरा उद्योग नाही. उद्योग आहे. शाहपूरजवळ आमची केळीची बाग आहे, ती मी बघतो. माझा भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तो बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यात राहतो आणि केळीचा व्यापार करतो. एक पिकवतो, दुसरा विकतो, त्यामुळे भांडायला तसेही विषय कमी नव्हते. पण गाड्यांसारखा रंगलेला विषय दुसरा नाही.

माझी जीप लष्करातून निघालेली. मी ती लिलावात घेतली तेव्हा भाऊ कॉलेजात होता. तिचा मूळचा हिरवा रंग कागदपत्रं करताना बदलावा लागला, म्हणून ती आता मातकट पिवळी आहे. पण जिथे जिथे पत्रा खरवडला गेलाय तिथे खालून जुना हिरवा डोकावतो, आणि मी ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. वर ताडपत्रीचं छप्पर, दारं कमरेइतकी, सीट म्हणजे पत्र्यावर बसवलेली गादी. पुढे एक छोटी लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर कुठला दांडा कधी ओढायचा ते कोरलेलं आहे. खिडकीला काच नाही, त्यामुळे काच बिघडत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचो. बागेत पाणी सोडल्यावर ट्रॅक्टर रुतला होता तो हिनेच ओढून काढला होता. तेवढ्या एका गोष्टीवर मी पुढची पंधरा वर्षं काढली.

भावाने दीड वर्षापूर्वी दसऱ्याला गाडी घेतली. मोठी, पांढरी, आत शिरलं की नव्या चपलेच्या दुकानात आल्यासारखा वास. सीट चामड्याची आणि सीटमधूनच थंड हवा येते. छत काचेचं. एक बटण दाबलं की गाडी चार बोटं वर उचलली जाते, दुसरं दाबलं की खाली बसते. मधे एक गोल चकती आहे, ती फिरवायची आणि गाडीला सांगायचं की आता चिखल आहे, आता वाळू आहे, आता दगड आहे. एक खूण बर्फाचीही आहे. बुऱ्हाणपुरात बर्फ उसाच्या रसाच्या गाड्यावरच मिळतो, तेव्हा तिथे जाताना ती चकती आठवणीने फिरव, असं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला ते लागलं असावं, कारण त्याने पेढ्याचा पुडा माझ्या हातात न देता माझ्या बायकोच्या हातात दिला.

त्याचं म्हणणं असं, की माझी जीप माणसाला पोतं समजते. सैनिकांना तसा सराव असतो, आपल्याला काय गरज. माझं म्हणणं असं, की त्याची गाडी श्रीमंतांनी काचेआडून चिखल बघायला केलेली आहे. तिचे टायर इतके चापट की रिम आणि दगड यांच्यात दोन बोटांचं रबर. तो म्हणायचा, माझ्या गाडीत चहा पिता येतो. मी म्हणायचो, माझ्या गाडीतून उतरल्यावर चहाची किंमत कळते. माझी बायको दोन्ही गाड्यांत बसलेली आहे. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणायची की जीपमधून उतरल्यावर तिला आरशात स्वतःची ओळख पटवावी लागते. मी ते चेष्टेवारी नेत असे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते तसं राहिलं नाही, कारण त्यात जिजी आली.

जिजी म्हणजे आमची थोरली बहीण. आई गेल्यावर आमच्या घरात आईच्या जागी तीच. तिला दिलीय डोईफोडियाला, जंगलाच्या कडेला, आणि घर गावात नाही, शेतात. डांबरी रस्ता संपला की तीन किलोमीटर नुसते दगड आणि मधे एक कोरडा नाला. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. पण दवाखान्यातून घरी जाताना भाड्याच्या गाडीत त्या तीन किलोमीटरांत तिला जे धक्के बसले, ते तिच्या मनात घर करून बसले. डॉक्टर म्हणाले, हिंडाफिरायला हरकत नाही, फक्त जोराचा हिसका नको. जिजीने त्यातला फक्त हिसका ऐकला. त्या दिवसानंतर ती कुठल्याही गाडीत बसली नाही. दोन वर्षं तिचं जग म्हणजे घर, अंगण, गोठा आणि विहीर. सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही आली नाही.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. लेक साठीची असली तरी येते. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मुऱ्हाळी गेल्याशिवाय लेक निघत नाही. मागच्या दोन आखाजींना मी गेलो आणि रिकामा परत आलो. दुसऱ्या वर्षी तर ती दारापर्यंत आली, जीपकडे बघितलं आणि चौकटीला धरून रडायला लागली. परत येताना सबंध रस्ताभर मला वाटत होतं की ही आता कायमची त्या अंगणात राहणार, आणि तिला भेटायचं तर आपणच जायचं. आपलं माहेरपण संपलं असं ती शेजारणीला म्हणाली होती, ते मला दाजींनी नंतर सांगितलं.

या वर्षी आखाजीच्या पंधरा दिवस आधी भाऊ बागेत आला आणि म्हणाला, यंदा जिजीला मी आणतो, माझ्या गाडीत तिला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, मुऱ्हाळी थोरला भाऊ असतो आणि तुझे टायर त्या नाल्यातच फाटतील. तिथून शब्दाने शब्द वाढला. शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, तू पण सोड, मी पण सोडतो. केळ्याले विचारू."

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे रस्ता कसा आहे ते केळ्यावरून कळतं. पिकलेलं केळं धक्का खातं तेव्हा काही दाखवत नाही. रात्र गेली की जिथे मार लागला तिथे साल काळी पडते, आणि सकाळी तुम्ही ती साल वाचायची. तेव्हा असं ठरलं, की एकाच घडाच्या दोन पिकल्या फण्या घ्यायच्या. एक माझ्या जीपच्या मागच्या सीटवर, एक त्याच्या गाडीच्या, खाली पांढरा टॉवेल. दोघांनी एकाच दिवशी जिजीच्या घरी जाऊन यायचं. फण्यांना कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको निवाडा करणार. बायको म्हणाली, तुम्हा दोघांचं डोकं जाग्यावर आहे का. पण तिने टॉवेल धुऊन दिले.

आम्ही निघालो. डांबरीवर भाऊ असा पुढे निघून गेला की खकनार ओलांडेपर्यंत मला त्याची गाडी दिसली नाही. डांबर संपलं तिथे तो चकती फिरवत थांबला होता. तिथून मी त्याला मागे टाकलं. जीप उड्या मारत होती, माझे दात एकमेकांवर आपटत होते, आणि मी आरशात त्याची पांढरी गाडी एकेक दगड बघत येताना पाहून खूश होत होतो. मागच्या सीटवर फणीही उड्या मारत होती. ती मी ऐकली, पण वळून पाहिलं नाही.

जिजीच्या अंगणात एक कडुनिंब आहे. मी आधी पोचलो, म्हणून जीप सावलीत लावली. भावाची गाडी उंच, काचेच्या छताला फांदी घासेल म्हणून त्याने ती उन्हात उभी केली. काचा बंद, कुलूप बंद. एप्रिलचं ऊन, आणि आम्ही जेवून, दाजींशी बोलून, जिजीच्या हातची कैरीची चटणी खाऊन तीन तासांनी उठलो. जिजीला केळ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "केळ्याले लागलं नाही, तर मी येईन." तोवर आमच्यासाठी तो खेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ शाहपूरला आला. बायकोने ओट्यावर दोन ताटल्या ठेवल्या आणि आम्हाला फण्या आणायला सांगितल्या. भावाची फणी सगळीच्या सगळी काळपट तपकिरी पडली होती. देठ मऊ, साल ओलसर. भावाचा चेहरा उतरला. माझी फणी वरून पिवळीधमक.

आता मी जे सांगतो ते मला अजून सांगवत नाही. तरुणपणी मी इंदुरात केळी पिकवायच्या गोदामात दोन वर्षं काढली आहेत. आमचा सगळा माल इथून हिरवा जातो आणि पिकतो दूर, त्यामुळे भावासारख्या व्यापाऱ्याला हिरव्या केळ्यातलं सगळं कळतं आणि पिकल्या केळ्यातलं फारसं नाही. मला कळतं. माराचा डाग वेगळा असतो, अंगठ्याने दाबल्यासारखा, जागच्या जागी. भावाच्या फणीवर तसा एकही डाग नव्हता. ती फणी धक्क्याने काळी पडलेली नव्हती. बंद गाडीत तीन तास उन्हात उकडली होती. मला हे एका नजरेत समजलं. आणि जीपमधून माझी फणी उचलतानाच माझ्या बोटांना खालच्या बाजूचे मऊ पडलेले डाग लागले होते. एक नाही, दोन नाही, चांगले नऊ-दहा. मी ती फणी ताटलीत ठेवली ती डागाची बाजू खाली करून.

बायकोने दोन्ही ताटल्या पाहिल्या आणि म्हणाली, जीप. भाऊ म्हणाला, ठीक आहे, केळं खोटं बोलत नाही. त्याने जिजीला माझ्यासमोर फोन लावून सांगितलं की भाऊची जीप जिंकली, तू त्याच्याबरोबर ये. इतक्या सरळपणे त्याने ते सांगितलं की मला खरं म्हणजे तिथेच बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

त्या केळ्यांचं बायकोने दुपारी शिकरण केलं. माझ्या वाटीत जेवढे तपकिरी तुकडे होते तेवढे एका वाटीत योगायोगाने येत नाहीत. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी ती तीन गोधड्या घेऊन जीपमध्ये अंथरत बसली, त्यावर उशा, त्यावर आणखी एक गोधडी. मी म्हटलं, एवढं कशाला. ती म्हणाली, "तुम्हाले माहीत आहे कशाला."

मी स्वतःची समजूत घालत होतो. हळू चालवीन. जीपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, लष्कराने आठ माणसं आणि वर पेट्या वाहायला केलेले आहेत, म्हणून रिकामी असली की ती उडते. मागे चार घड टाकले की बसते. गोधड्या आहेत. आणि शेवटी जिजी यायला तयार झाली हे महत्त्वाचं, कशात बसून येते ते नव्हे. ही सगळी कारणं मला दिवसभर पटत होती आणि जेवायला बसलो की पटेनाशी व्हायची.

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी मी आणि बायको जीप घेऊन डोईफोडियाला गेलो. बायकोने वाटेत खायला म्हणून पिकल्या केळ्यांची एक फणी घेतली होती, ती तिच्या मांडीवर होती. डांबर संपल्यावर मी जितकं हळू जाता येईल तितकं हळू गेलो. तरी नाल्यात जीपने अशी उडी मारली की बायकोने फणी दोन्ही हातांनी वर उचलून धरली. मी पुढे बघत राहिलो.

जिजी तयार होती. नवं लुगडं नेसली होती, त्यावरून कमरेला डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा, हातात पिशवी. पायरी उतरून ती जीपपर्यंत आली, गोधड्यांवरून हात फिरवला आणि थांबली. दाजी तिच्या मागे उभे होते. ती माझ्याकडे वळली.

"खरं सांग. धक्का नाही लागत ना? तुमच्या केळ्याले नाही लागला म्हणे."

मला वाटलं होतं की मी नाही म्हणेन. तोंडात तेच आलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की मी जे सांगेन त्यावर ती पाय उचलून आत ठेवणार होती.

"लागला होता, जिजी," मी म्हणालो. "खालच्या बाजूने लागला होता. मी ती बाजू दाखवलीच नाही."

मग सगळं सांगितलं. उन्हाचं, गोदामाचं, ताटलीचं. सांगताना मी जीपच्या चाकाकडे बघत होतो. जिजी ओट्यावर जाऊन बसली. आता ही पिशवी आत नेऊन ठेवणार आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही, हे मी गमावलं, माझ्या हाताने गमावलं, असं मला वाटलं. मी तोंड फिरवून नसलेली धूळ झटकायला लागलो.

"लहानपणी कच्चे पेरू खिशात लपवायचास," जिजी म्हणाली, "आणि खिसा फुगलेला दिसायचा." मग म्हणाली, "बोलव आता त्याले. मी बसून राहते इथंच."

भावाला फोन लावणं मला जड गेलं. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, म्हणजे नंतर धीर राहिला नाही तरी चालेल. तो ऐकून घेत राहिला. मी म्हटलं, बुधवाऱ्यातून निघालास तर दीड तासात पोचशील. तर तो म्हणाला, "मी डांबर संपते तिथंच उभा आहे, भाऊ. सकाळी तुझी जीप पुढं गेली, तेव्हापासून." का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पिकलं केळं मले समजत नसेल, पण तुझी जीप समजते. कॉलेजात असल्यापासून बसून राहिलो तिच्यात."

मी रागवायला हवं होतं की काय, कळेना. मी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरले. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, या भाऊजी, सावकाश या.

तो आला. फणीबद्दल मला एक शब्द बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा, किंवा शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. बटण दाबून त्याने गाडी खाली बसवली, म्हणजे जिजीला पाय उचलायला नको. माझ्या जीपमध्ये चढायला तिला पाय गुडघ्याच्या वर न्यावा लागला असता. या एका गोष्टीचा मी इतक्या दिवसांत विचारच केला नव्हता. ती आत टेकली. भावाने सीट मागे कलती केली आणि पायाशी आमच्या गोधड्यांतली एक लावली. बायको तिच्या शेजारी बसली. जिजीने बायकोच्या हातातली केळ्यांची फणी मागून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"ही माझ्यापाशी राहू दे," ती म्हणाली. "उद्या सकाळी मीच बघते."

आता पुढे कोण जाणार हा प्रश्न होता. भाऊ म्हणाला, त्याला आतून दगड कळत नाहीत, गाडी सगळं गिळून टाकते, आणि कळतं तेव्हा टायर गेलेला असतो. मी म्हटलं, माझ्या जीपला प्रत्येक खडा कळतो. असं ठरलं, की मी जीप घेऊन पुढे जायचं. जिथे जीप उडेल तिथे मी उजवा हात बाहेर काढायचा, आणि भावाने ती जागा टाळून जायचं. इतकी वर्षं जी गोष्ट मी नाकारत होतो तीच त्या दिवशी कामाला आली.

तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. मी ताडपत्रीखाली एकटा, मागे वळून बघत, हात बाहेर काढत, आत घेत. पाठीला इतके हिसके बसले की पुढचे दोन दिवस मला वाकता येत नव्हतं, पण त्या दिवशी एकेक हिसका बसला की बरं वाटायचं, कारण तो मागे जाणार नव्हता. चार ठिकाणी उतरून मी दगड बाजूला केले. नाल्यापाशी आम्ही दोघेही उतरलो. भावाने गाडी वर उचलली, चकती फिरवली. मी डाव्या अंगाने वाळूतून जीप नेली, चाकं दाबून वाट करून दिली, आणि त्याची पांढरी गाडी माझ्या चाकोरीतून, पाण्याने भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईसारखी, पलीकडे आली. काच खाली झाली. बायकोने हात बाहेर काढून मला पुढे जा अशी खूण केली. हात हसरा होता, एवढंच मला आठवतं.

डांबर लागलं तिथे मी थांबलो आणि धावत मागे गेलो. जिजी डोळे मिटून बसली होती. मी घाबरलो. बायकोने ओठावर बोट ठेवलं. जिजी झोपली होती, तोंड थोडं उघडं, फणी मांडीवर. भाऊ मान मागे करून तिच्याकडे बघत होता, आणि मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याने माझ्या शर्टावरची धूळ दोन बोटांनी झटकली आणि म्हणाला, वास येऊन राहिला तुझा, जीपमध्येच बस. दोन वर्षांचं ओझं माझ्या खांद्यावरून त्या वाक्याने उतरलं.

बुऱ्हाणपूर येईपर्यंत पांढरी गाडी पुढे होती आणि मी मागे. मला मागे राहायला काहीच वाटलं नाही. शाहपूरला घरी पोचलो तर दारात बायका जमल्या होत्या. जिजी स्वतःच्या पायांनी उतरली, पट्टा सावरला, सरळ उभी राहिली आणि पहिलं काय बोलली, तर झोका कुठे बांधलाय. आखाजीचा झोका आम्ही अंगणातल्या चिंचेला बांधतो. तिला त्यावर बसता येणार नव्हतं, ते तिलाही माहीत होतं. खुर्ची मागवून ती झोक्याशेजारी बसली आणि संध्याकाळपर्यंत बसलेल्या प्रत्येकीला हाताने झोका दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच फणी घेऊन ओट्यावर आली. भाऊ रात्री आमच्याकडेच राहिला होता. बायकोने ताटली दिली. जिजीने फणी ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर ती पालथी केली. खालची बाजू स्वच्छ होती. एकही डाग नाही. भावाने मोठा श्वास सोडला. मग त्याने फणी पुन्हा उलटी केली आणि थबकला. कडेच्या एका केळ्यावर चार काळे पट्टे होते, ओळीने, आणि पलीकडच्या अंगाला एक.

"हे कुठं लागलं?" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "मी तर सगळे दगड टाळले."

जिजीने आपला हात त्या केळ्यावर ठेवला. चार बोटं चार पट्ट्यांवर बसली आणि अंगठा पाचव्यावर.

"नाल्यापर्यंत मी धरून होती," ती म्हणाली. "नाला गेला, मग सोडलं."

तिने तेच केळं फणीतून तोडलं, सोललं, आणि खायला लागली.